विहिरीवरची पहिली ओळ

कोशिंबपाड्यात नवशीच्या अक्षराचं मोठं कौतुक होतं. खोडाळ्याचा रस्ता सोडून खिंडीतून खाली उतरलं की डोंगराच्या कुशीत हा पाडा लागतो. मूठभर घरं, त्यातली निम्मी कुडाची, आणि खालच्या अंगाला उंबराजवळ सगळ्यांची मिळून एक विहीर. नवशी इथली सून. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली. पाड्यातली माणसं घरात बोलतात ती भाषा वेगळी आणि शाळेच्या पुस्तकातली मराठी वेगळी, त्यामुळे वाचता येत असलं तरी बाया अक्षराला अक्षर जोडत, ओठ हलवत वाचायच्या आणि पहिल्या ओळीतच दमायच्या. नवशीला मात्र ती पुस्तकी मराठी गोड लागायची. नव्या लुगड्याची घडी मोडावी तशी ती एकेक शब्द जपून काढायची.

अर्ज लिहायला तिला आश्रमशाळेच्या गुरुजींनी शिकवलं होतं. "आधी प्रति, मग विषय, मग संदर्भ," ते म्हणायचे. "आपलं मागणं सगळ्यात शेवटी. दारात आल्या आल्या हात पसरला की माणूस भिकारी दिसतो." नवशीनं ते मनावर कोरून घेतलं. कुणाला रेशनकार्डासाठी काही हवं असो, कुणाला दाखल्यासाठी, तिचा अर्ज असा लांबून, वळणं घेत, नमस्कार करत यायचा आणि अगदी खाली पोचल्यावर हळूच मागणं ठेवायचा.

पुढं ग्रामपंचायतीनं तिला जलसुरक्षक केलं. विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायची, पाण्याचा नमुना बाटलीत भरून तपासायला पाठवायचा आणि पंचायतीच्या सूचना विहिरीशेजारच्या फळ्यावर लिहायच्या, हे तिचं काम. फळा म्हणजे काळ्या रंगानं रंगवलेला भिंतीचा तुकडा. त्यावर ग्रामसभेची तारीख असायची, लसीकरणाचा दिवस असायचा. सुरुवात कायम एकच: 'सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना कळविण्यात येते की'. बाया हंडा भरता भरता फळ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "नवशीनं आज काय झाक लिवलंय!" काय लिहिलंय ते मात्र कुणी विचारत नसे. ज्याला हवं तो नवशीलाच गाठायचा. तिची सासू सोमी तर सुनेच्या अक्षराची फुशारकी खोडाळ्याच्या बाजारापर्यंत नेऊन आली होती. तिला स्वतःला 'सो' सोडून काही वाचता येत नव्हतं.

नवरा तुका त्या दिवसांत भिवंडीकडे बांधकामावर होता. घरात नवशी, सोमी आणि तिसरीतली लेक मीना एवढ्याच.

मोहाची फुलं गळायचे दिवस होते. बाया पहाटेच टोपल्या घेऊन रानात जायच्या आणि उन्हं चढली की परतायच्या. त्या सकाळी सोमीही त्यांच्याबरोबर गेली होती. मीना पलीकडच्या पाड्यावर शाळेत गेली होती. नवशी अंगणात आदल्या दिवसाची फुलं वाळत घालत होती, तेवढ्यात जगन आला. जगन तिचा चुलत दीर. पाड्यातली बरीच तरणी माणसं भात निघाल्यावर कामाला बाहेर पडायची, पण यानं मोगरा लावला होता आणि त्या जिवावर तो गावात टिकला होता. तो अंगणात आला नाही, कुडाशी उभा राहिला. पाठीला फवारणीचा पंप, गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि तोंड असं उतरलेलं की नवशी हातातलं सूप ठेवून उठलीच.

"काय रे? कुणी पडलं का?"

"वयनी, माझ्या हातून वंगाळ झालं."

"काय झालं ते बोल ना."

"कळ्यांना आळी पडलीय ना, तं औषध आणलं होतं. पंपात पाणी घ्याया गेलो इहिरीवर. बाटली कठड्यावर ठेवली. झाकण काढलेलं. आणि दोर खेचताना कोपर लागलं…"

नवशी उतारानं धावत सुटली, जगन पंप खडखडवत मागं.

उन्हाळ्यानं विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. नवशीनं कठड्यावर वाकून पाहिलं. काळ्या पाण्यावर दुधात हात बुडवून झटकावा तसा पांढुरका डाग पसरला होता आणि कडेकडेला त्याचे दोरे सुटत होते. नाकात शिरणारा उग्र वास वरपर्यंत येत होता. एक बेडूक दगडाच्या खाचेत बसलेला होता, तोही हलत नव्हता. मेलाय की बसलाय, कळेना. नवशीला वाटलं, आपल्याच अंगातलं रक्त असं थंड होऊन खाली बसलंय.

"किती होतं बाटलीत?"

"निम्मी असंल. वयनी, माझं नाव नको घेऊस. मला जित्ता सोडणार नायत."

पाण्यात हात घालून ते विष काढून घेता येणार नव्हतं. पाड्यात त्या वेळी दुसरं कुणी पुरुष माणूस नव्हतं. ग्रामसेवकाला फोन लावायचा तर खिंडीपर्यंत चढून जायला हवं होतं, खाली पाड्यात मोबाइलला रेंजच नाही. आणि बाया रानातून कधीही परततील. नवशीनं मनाशी पटकन ठरवलं.

"तू इथंच बस," ती जगनला म्हणाली. "कठड्यावर बस. कुणालाच दोर सोडू देऊ नको. मी खिंडीत जाऊन फोन करून येते."

जगननं मान हलवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

जाण्याआधी तिनं फळा पुसला आणि खडू हातात घेतला. 'विहिरीत विष' हे दोनच शब्द तिच्या बोटांपर्यंत आले होते. ती थबकली. असं कसं लिहायचं? एवढं उघडंनागडं? वाचताच बाया छाती पिटतील, पुरुष काठ्या काढतील, जगनचं काय होईल? आणि पहिला प्रश्न तिलाच येईल, जलसुरक्षक तूच ना गं? मग हाताला जी सवय होती तिकडेच तो वळला. कागदावरची मराठी अशा वेळी फार उपयोगी पडते. तिच्यात कितीही भयंकर गोष्ट गुंडाळून ठेवता येते. खडू एकदा मोडला, तरी तिनं सुबक, सरळ ओळीत लिहिलं:

'सर्व ग्रामस्थ बंधू-भगिनींना कळविण्यात येते की, ग्रामपंचायतीच्या मालकीच्या सार्वजनिक विहिरीच्या देखभाल व स्वच्छतेच्या संदर्भात काही तांत्रिक अडचण निर्माण झाली असून त्याबाबत वरिष्ठांना अवगत करण्यात येत आहे. तरी पुढील सूचना मिळेपर्यंत सदर विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरू नये, ही विनंती.'

शेवटी जागा कमी पडली म्हणून 'पिण्यासाठी वापरू नये' हे शब्द तिला बारीक अक्षरात दाटीनं बसवावे लागले. मग ती खिंडीकडे निघाली.

चढ तिचा रोजचाच होता, पण त्या दिवशी ती कुठंच टेकली नाही. वर पोचल्यावर तिनं ग्रामसेवकांना फोन लावला. श्वास सावरला, पदर सावरला, जणू ते समोरच उभे होते.

"नमस्कार साहेब. मी कोशिंबपाड्याची जलसुरक्षक नवशी बोलते. आपल्या पाड्यातील सार्वजनिक विहिरीच्या संदर्भात आपल्याला एक…"

"नवशीबाई, मी पंचायत समितीत बैठकीत आहे. विहिरीचं संध्याकाळी बोलू."

फोन कट. तिनं परत लावला, त्यांनी उचलला नाही. परत लावला. वाजून वाजून थांबला. खिंडीत वारा सुटला होता, करवंदीच्या जाळ्या सळसळत होत्या आणि नवशी फोन कानाला लावून एकाच जागी गोल गोल फिरत होती. खाली काय चाललं असेल? जगन बसला असेल ना? शाळा सुटायची वेळ होत आली होती. किती वेळानं कोण जाणे, पलीकडून वैतागलेला आवाज आला, "काय हो बाई?"

या वेळी तिला नमस्कार आठवला नाही. "विहिरीत विष पडलंय!"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. "कुणी प्यायलंय का?"

"नाही. अजून नाही."

"कुणाला पिऊ देऊ नका. मी आरोग्य केंद्राला कळवतो आणि निघतोच. आधी का नाही सांगितलंत हे?"

ती वळली आणि उतरायला लागली. पहिल्या वळणावरून खालचा सगळा पाडा दिसतो. घरांची कौलं, मोगऱ्याचा हिरवा तुकडा, उंबर, आणि उंबराखालची विहीर. नवशीनं तिकडे पाहिलं.

कठड्यावर जगन नव्हता.

विहिरीभोवती बाया होत्या. मोहाच्या टोपल्या उंबराखाली ठेवलेल्या, दोर खालीवर होत होते. भरलेले हंडे डोक्यावर घेऊन एक रांग घरांकडे निघालीही होती. ऊन त्या पितळेवर लखलखत होतं.

"अगं बायांनो!" नवशी ओरडली. "मी नवशी! ऐका गं, ती इहीर आहे ना, तिच्यात सकाळी…"

वाऱ्यानं तिचं बोलणं दुसऱ्याच दरीत नेऊन टाकलं. खाली दोघीतिघींनी मान वर केली. एकीनं हसून हात हलवला. नवशी खिंडीतून हाक मारतेय, तिला एवढंच कळलं.

तेव्हा नवशीच्या तोंडून पुस्तकातलं काहीच निघालं नाही. छातीच्या तळापासून घरातला शब्द निघाला. "इख! इख हाय! पिऊ नका! इख!"

तेवढं पोचलं. एका बाईच्या डोक्यावरचा हंडा खाली आला, घरंगळत उतारानं गेला. बाकीच्या होत्या तिथं पुतळ्यासारख्या उभ्या राहिल्या. नवशी वाट सोडून सरळ उतारानं धावली. मध्येच पडली, गुडघा फुटला, उठून परत धावली. सगळा वेळ ती तोच एक शब्द ओरडत होती, जवळ आल्यावरही ओरडत होती.

विहिरीवर चैती उभी होती, शेजारच्या घरातली. "काय गं नवशी, काय इख इख लावलंस?"

"जगन कुठाय?"

"जगन कुठं होता? आम्ही आलो तवा इथं कुणीच नव्हतं."

"पाणी घरी गेलंय? कुणाच्या?"

चैतीच्या तोंडाचा रंग उडाला. "माझा पयला हंडा गेला. मी पण प्याले इथंच, तहान लागली होती. तुझी सासू कवाची गेली पाणी घेऊन. पोरं पण शाळेतून आलीत."

नवशीला पुढचं ऐकू आलं नाही. आपल्या घराचा उंबरा तिला दिसत होता आणि तो काही केल्या जवळ येत नव्हता. सोमी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. कपाळावर घामाचे थेंब, पदरानं पुसायचं भान नाही. तिच्या मांडीवर मीनाचं डोकं होतं. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती पोट धरून वाकडी झाली होती. शेजारी ओकारी झालेली.

"उन्हाचं झालं असंल," सोमी जड जिभेनं म्हणाली. "आल्या आल्या गटागटा पाणी प्याली. मला पण कसं गरगरतंय…"

"आई," मीना म्हणाली, "तू मला नीट दिसत नायस."

नवशीनं पोरीला उचललं. भीतीनं माणसाचं बळ जातं म्हणतात. त्या दिवशी मात्र मीना तिला फुलाच्या टोपलीएवढी हलकी लागली, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. चैतीला आता उलट्या सुरू झाल्या होत्या. आणखी दोनतीन घरांतून ओरडा उठला होता. कुणीतरी गोधडीची झोळी केली, तिच्यात सोमीला घातलं, आणि जी माणसं धडधाकट होती ती सगळी रस्त्याकडे निघाली.

वर रस्त्यावर ढवळूची जीप उभी होती, खोडाळ्याची शिटं भरत असलेली. ढवळूनं झोळी बघितली आणि एक शब्द न विचारता बसलेल्यांना खाली उतरवलं. जीप सुटली तशी नवशीनं फोन काढला, इथं वर रेंज होती. मांडीवर मीना, एका हातानं तिचं डोकं सावरलेलं. दुसऱ्या हातानं तिनं आरोग्य केंद्राचा नंबर लावला. ही रेंज पुढच्या वळणाला जाते हे तिला ठाऊक होतं. बोलायला किती वेळ मिळेल याचा नेम नव्हता. फोन उचलला गेला तशी ती बोलली:

"विष प्यायलेत. शेतातलं औषध, पाण्यातून. लहान मुलं आहेत. आम्ही जीपमधून येतोय."

पलीकडून "कुठून?" एवढं आलं आणि आवाज तुटला. तिनं फोनकडे पाहिलं. नाव सांगायचं राहिलं, पाडा सांगायचा राहिला. सगळं राहिलं, असंच तिला वाटलं. उरलेली वाट ती फक्त मीनाच्या छातीवर हात ठेवून बसली. छाती वर येतेय, खाली जातेय. मध्येच एकदा थांबल्यासारखी वाटली आणि नवशी अशी किंचाळली की ढवळूनं ब्रेक दाबला. छाती परत वर आली. "चालव," ती म्हणाली, "चालव बाबा, थांबू नको."

खोडाळ्याच्या आरोग्य केंद्राच्या दारात माणसं उभी होती. बाहेर ओट्यावर गाद्या टाकलेल्या, सलाइनच्या बाटल्या अडकवून तयार. ग्रामसेवकांचा फोन आला होता आणि त्यामागून तिचाही. तिचं नाव पोचलं नव्हतं, पण विष आणि लहान मुलं या दोन गोष्टी पोचल्या होत्या, आणि तेवढ्यावर तिथली माणसं कामाला लागली होती. तरणी डॉक्टरीण मीनाच्या डोळ्यांत बॅटरी टाकून बघत होती. बघता बघता तिनं विचारलं, "औषध कोणतं? नाव काय?"

नवशीला ते माहीत नव्हतं.

"लक्षणांवरून आम्ही सुरू करतोय," डॉक्टरीण म्हणाली, "पण नाव कळलं तर बरं. बाटली? खोका? काहीही?"

बाटली विहिरीच्या तळाशी होती. नाव एकट्या जगनला माहीत होतं, आणि जगन कुठं होता हे कुणालाच माहीत नव्हतं. नवशी दाराशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिली. एकदा तिच्या मनात आलं की तो घाबरून कुठंतरी झाडाला लटकला असेल. मग आलं की लटकू दे. त्या विचाराचीही तिला भीती वाटली.

जगन आला तो कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागं बसून. बायांचा आवाज ऐकताच तो कठड्यावरून उठला होता आणि मोगऱ्यात जाऊन लपला होता. तिथून त्यानं झोळी जाताना बघितली होती. आता त्याच्या हातात चुरगळलेला खोका होता. तो दारात उभा राहिला, आत यायला धजेना. नवशीनं खोका त्याच्या हातातून हिसकावला. वर मोठ्ठं टवटवीत फूल, त्याखाली ठळक नाव, त्याखाली आणखी ठळक अक्षरांत भरघोस उत्पन्नाची हमी. तिनं तो उलटासुलटा केला. विषाचं खरं नाव आणि प्यायल्यास काय करावं, हे खालच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. डॉक्टरणीनं मोबाइलचा उजेड धरून ते वाचलं, मान हलवली आणि नर्सला काहीतरी सांगितलं.

"योग्यच देतोय," ती नवशीला म्हणाली. "पण मुलीला आणि आजींना जव्हारला हलवते. तिथं लक्ष राहील."

जव्हारच्या दवाखान्यात मीनाला शुद्ध होती आणि नव्हती. ती मध्येच हात झाडायची, मध्येच तुकाला हाक मारायची. पलीकडच्या खाटेवर सोमी डोळे मिटून पडलेली. नवशीनं त्या वेळात ना पाणी घेतलं ना अन्न. तिला पाण्याचा पेला तोंडाशी नेताच येत नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी मीनानं डोळे उघडले आणि भिंतीवरच्या पालीकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, तिला शेपूट नाय." नवशीनं पालीकडे बघितलं. खरंच नव्हतं. मग ती खाटेच्या दांडीवर डोकं टेकून रडली.

चैतीला खोडाळ्याहूनच घरी सोडलं होतं. ती बघायला आली, येताना भाकरी घेऊन आली. दोघी व्हरांड्यात बसल्या. नवशी म्हणाली, "चैती, मी लिहिलं होतं गं फळ्यावर."

"हो ना. मी वाचलं की."

"वाचलंस?"

"पयली ओळ वाचली. सर्व ग्रामस्थ, मग ग्रामपंचायत दिसली. म्हटलं ग्रामसभा असंल. वास आला तं म्हटलं, तू पावडर टाकली असशील. तू नेहमी तसंच लिवतंस ना." चैतीनं भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली. "आमाला काय माहीत, मरण खालच्या ओळीत हाय ते."

चैतीच्या बोलण्यात राग नव्हता, आणि नवशीला तेच सोसेना. तिला खडू मोडल्याचा तो क्षण आठवला. जागा पुरली नाही म्हणून ते शब्द खाली गेले नव्हते. तिनंच ते भिऊन खाली ढकलले होते. जगनसाठी, स्वतःसाठी. आपली भीती तिनं चांगल्या भाषेखाली पुरली होती, आणि तीच भीती बाया हंड्यात भरून घरी घेऊन गेल्या होत्या.

पाड्यावर परतल्यावर ती घरी जाण्याआधी विहिरीवर गेली. ग्रामसेवकांनी विहिरीच्या तोंडावर काटेरी फांद्या टाकून घेतल्या होत्या. दोन कोकरं आणि चैतीची एक कोंबडी सांडलेलं पाणी पिऊन मेली होती. माणसं सगळी वाचली होती. नवशीनं फळा पुसला आणि हात लांबवून, वरपासून खालपर्यंत लिहिलं: 'पाणी पिऊ नका. विष आहे.' फळा भरला.

ग्रामसेवक मागं येऊन उभे राहिले. "बाई, असं चालत नाही. विषय, संदर्भ, दिनांक लागतो. वरचे विचारतात."

"खाली जागा उरली तर लिहीन, साहेब," नवशी म्हणाली. तिनं खडू खाली ठेवला नाही. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग काट्यांकडे बघितलं.

जगननं आपणहून सगळ्यांसमोर सांगितलं. दोघातिघांनी त्याच्या अंगावर हात टाकला. चैती मध्ये पडली म्हणून तो वाचला. शेवटी असं ठरलं की विहीर उपसायची आणि खाली उतरून गाळ काढायचं काम जगननं करायचं. तो तळाशी उतरला तेव्हा त्याच्या कमरेला दोर बांधला होता आणि वर तो दोर धरायला सगळा पाडा होता. बाटली निघाली. विहीर उपसली, भरू दिली, परत उपसली. तोवर टँकर यायचा.

लोक अजून नवशीकडे अर्ज लिहून घ्यायला येत, पण तिचे अर्ज बदलले. कुणाचा दाखला अडला असेल तर पहिल्याच ओळीत दाखला अडलाय हे यायचं. सोमी बरी होऊन जव्हारहून आली तेव्हा तिला कुणीतरी म्हणालं की तुझी सून आता रांगडं लिहिते. गुरुजींचं ते हात पसरायचं बोलणं सोमीनं सुनेकडून ऐकलं होतं. ती म्हणाली, "लिवू दे. भिकारी तं भिकारी."

पाण्याचा तपासणी अहवाल आला त्या दिवशी सगळा पाडा विहिरीवर जमला. अहवालात रकाने होते, आकडे होते. नवशीचं बोट सरळ शेवटच्या पानाच्या तळाशी गेलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि मग मान वर करून म्हणाली, "पाणी चांगलं आहे. प्यायला चालेल."

कुणी हललं नाही. बायांचे हंडे रिकामे, दोर गुंडाळलेले. चैतीनंही नजर चुकवली. कागदावरचं चांगलं पाणी आणि त्या दिवशीचं पाणी दिसायला सारखंच होतं.

नवशीला कळलं, आता आपल्यालाच प्यावं लागणार. तिनं दोर सोडला. बादली वर आली तेव्हा ती तिला दुप्पट जड लागली. तिनं पेला बुडवला, नाकाशी नेला. कसलाच वास नव्हता. समोर मीना उभी होती, आजीचा पदर धरून, आईकडे टक लावून. नवशीनं डोळे मिटले आणि प्यायली. पाणी गार होतं. मग ती कठड्यावर बसली.

बाया उंबराच्या सावलीत बसल्या आणि तिच्याकडे बघत राहिल्या. नवशी आपल्याच हातांकडे बघत होती, घाम येतोय का, दिसायला कमी होतंय का, पोटात काही हलतंय का. एकदा हललंसं वाटलं आणि तिला जागच्या जागी थिजायला झालं. काही नव्हतं. सकाळपासून उपाशी होती.

"काय होतंय का गं?" चैतीनं लांबूनच विचारलं.

"नाय."

"मग अजून थोडी बस."

सावली उंबराच्या बुंध्यापासून कठड्यापर्यंत आली तेव्हा सोमी उठली. गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, सुनेजवळ आली. तिच्या हातातला पेला घेतला, बादलीत उरलेलं पाणी त्यात भरलं आणि उभ्या उभ्या प्यायली. तोंड पुसलं. मग वळून बाकीच्यांना म्हणाली, "बसलात काय? दिवस मावळाया आला. भात कशात शिजवाल?"

एकेक बाई उठली. दोर सुटायला लागले. मीना पेला मागायला आली, तेव्हा मात्र नवशीनं तो पटकन पाठीमागं लपवला. "तू उद्या," ती म्हणाली. "तू उद्या पी."